नंदीवरचे रंग

त्या तांबड्याला सुधाने लांबूनच ओळखलं. नालवाडीच्या मारुतीच्या देवळापुढे तान्हा पोळा भरला होता. पोरापोरींनी आपापले लाकडी नंदी दोरीने ओढत रांगेत आणले होते, आणि ती परीक्षक म्हणून छातीला कागदी बिल्ला लावून रांगेच्या एका टोकाला उभी होती. शिंगं सगळ्याच नंद्यांची तांबडी होती. हार्डवेअरच्या दुकानातल्या डबीतला तो तांबडा, वरवर चकाकणारा, आत काही नसलेला. पण मधल्या एका नंदीची शिंगं निराळी होती. तो रंग आतपर्यंत भरलेला होता, त्याला वजन होतं, उतरत्या उन्हात तो अजून तापत असल्यासारखा दिसत होता. असा तांबडा वर्धेत मिळत नाही. तो नागपूरहून आणावा लागतो, आणि सुधाच्या माहितीत तो आणणारं माणूस एकच होतं. असेल कुणाकडे, जग काही आपल्या रंगांच्या पेटीत संपत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग नजर शिंगांवरून वशिंडावर आली. वशिंड निळं होतं. त्या निळ्याचं नाव कोबाल्ट, आणि ती ट्यूब घेताना तिने दुकानातच झाकण उघडून वास घेतला होता. आता समजूत घालायला काही उरलं नाही. त्या नंदीची दोरी तिच्या नातीच्या, ईश्वरीच्या हातात होती. नऊवारी नेसवलेली, नाकात खोटी नथ, टिकली तिरपी झालेली. तिच्या मागे सून काजल मोबाइल धरून फोटो काढत होती.

"आल्या काय आई?" काजलने हसून विचारलं. "पाहा ना, कसा दिसून राह्यला. तुम्ही तर समुद्रपूरले गेलत्या भावाकडे, मंग मी आणि बाबांनीच केला. बाबांच्या लहानपणचा नंदी आहे म्हणे, माळ्यावर होता."

"रंग कोणते लावले?"

"तुमचेच ना. त्या लाकडी पेटीतले. पोळ्याचे दुकानं बंद होते सगळे. आणि ते तर वर्षभरापासून तशेच पडून होते."

काजल हे सहज बोलली. तिच्या बोलण्यात टोचून बोलायचा हेतू नव्हता, ती पोरगी तशी नाहीच, आणि म्हणूनच ते वाक्य आत गेलं आणि तिथेच बसलं. सुधाला वाटलं, आता आपल्याला संताप यायला पाहिजे. संताप आला, पण जरा उशिराने. त्याच्या आधी पोटात काहीतरी सैल झालं, घट्ट बांधलेलं गाठोडं कुणीतरी सोडून द्यावं तसं, आणि ते काय होतं ते पाहायचं तिने टाळलं. ईश्वरीने "आजी, माझा नंदी" म्हणून दोरी उंच करून दाखवली. सुधाने तिच्या गालाला हात लावला, छान आहे म्हणाली, आणि पुढच्या नंदीकडे गेली.

वर्षभरापासून तशेच पडून. पडून नव्हते, गोळा होत होते, हे काजलला कोण सांगणार. मागच्या वर्षी सुधा शाळेतून निवृत्त झाली. चित्रकला शिकवून शिकवून तिचे केस पांढरे झाले होते. निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि उत्तरादाखल बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं, की आता मी माझं स्वतःचं चित्र काढणार आहे. टाळ्या पडल्या. कुणी विचारलं नाही कोणतं चित्र, पण तिला ते ठाऊक होतं. पवनारची धाम नदी. तेलरंगात. घरात फोटोवरून नाही, तर नदीच्या काठावर उभं राहून, उन्हावाऱ्यात, पाणी समोर वाहत असताना. एवढंच. आणि त्यासाठी सामान लागतं. शाळेतले पोस्टर कलरचे डबे घेऊन कुणी नदीवर जात नाही.

मग सामान सुरू झालं. रंग नागपूरहून, तेही एका खेपेत नाही. कारण घरी येऊन पाहावं तर पिवळा राहिलेला असे, पुढच्या खेपेला पिवळा आणावा तर नदीसाठी हिरवा लागणारच की, हे आठवे. चित्र उभं करायची घोडी देवळी रोडवरच्या तानबा सुताराकडे टाकली. तानबा म्हणाला, "बाई, पोळा होऊन जाऊ द्या, सध्या नंद्यायचंच काम सुरू हाय." पोळा झाला, दिवाळी झाली, मग लग्नसराईचे पलंग निघाले. अखेर घोडी आली तर तिचा एक पाय आखूड होता. सुधाने ती परत पाठवली. दुरुस्त होऊन आली तेव्हा दुसरा पाय आखूड वाटला, पुन्हा पाठवली. तानबाने घोडी आपल्या अंगणातल्या फरशीवर उभी करून दाखवली. ती हलत नव्हती. "बाई, फरशी सरळ हाय, घोडी बी सरळ हाय, आता तुमचं मनच वाकडं असन तं मी काय रंधा मारू?" तो हसत म्हणाला होता. ती हसली नव्हती.

कापडाचंही तेच. मांजरपाट चौकटीवर ताणून त्याला सरसाचा, म्हणजे ढोरांच्या कातड्याहाडांच्या डिंकाचा, हात द्यायचा, वर खडूची पूड, मग घासायचं, पुन्हा सरस. सरस गॅसवर शिजायला लागला, की नाना नाकाला उपरणं लावून घराबाहेर पडत आणि गल्लीत सांगत, की आमच्याकडे आज मेलेल्या ढोराचं पिठलं आहे. नाना म्हणजे तिचा नवरा, काजल ज्यांना बाबा म्हणते ते. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला, स्वभावाने गोड, आणि ज्यांच्यावर धड रागावताही येत नाही अशा माणसांपैकी. ब्रश डुकराच्या केसांचे असतात हे कळलं तेव्हा त्यांनी ते देवघराच्या खोलीतून उचलून वऱ्हांड्यात नेऊन ठेवले, तेही कागदात गुंडाळून, नीट. जवसाच्या तेलाची एवढीशी बाटली नागपूरहून आली तेव्हा ते ती उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत होते. "आमची माय जवसाच्या तेलातच तं भाजी करे," ते म्हणाले. "तुम्ही लोकं त्याले शिशीत भरून चित्राले पाजता." टर्पेंटाइनसाठी तिने वर्धेतलं एकही हार्डवेअरचं दुकान सोडलं नाही, जो तो थिनर पुढे करी आणि म्हणे, मॅडम एकच हाय. बसायला घडीचं स्टूल, डोक्याला वेताची टोपी, ब्रश पुसायला जुन्या साड्यांच्या चिंध्या, रंग कालवायला फळी, झाकणाची बाटली. हे सगळं दिवाणाच्या खणात जमत गेलं. दर शनिवारी ती दिवाण उघडायची, एकेक वस्तू काढून पुसायची, मांडायची, काय कमी आहे ते पाहायची. काहीतरी कमी असायचंच. ते कळलं, की तिला बरं वाटायचं. पुढच्या आठवड्याचं काम मिळायचं. हे बरं वाटणं तिला तेव्हा उमेदीचं लक्षण वाटत होतं.

उन्हाळ्यात नदीला पाणी नाही म्हणून राहिलं. पावसाळ्यात पाऊस आहे म्हणून राहिलं. शेवटी नानांनीच एकदा जेवताना विचारलं, "आता काय नदीच घरी आणून देऊ का?" त्यावर तिने चिडून दिवस ठरवून टाकला. पोळा झाला, की आभाळ उघडतं, हवा धुतलेली असते. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे उद्या.

"सुधाताई, इकडे या," प्रभाकरराव म्हणाले. ते दुसरे परीक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. ते ईश्वरीच्या नंदीपुढे गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. "हा पाहा. बाकीचे नंदी याच्यापुढे पुसल्यासारखे दिसून राह्यले. रंग पाहा रंग. निळा तर असा आहे, की बोट बुडवावं वाटते."

"आमच्या घरचा आहे तो," सुधा म्हणाली. "त्याला नंबर देऊ नका."

"तुमच्या घरचा आहे म्हणूनच तर कळते. कलावंताचा हात लागल्यावाचून असं होत नाही."

माझा हात लागलेला नाही, असं ती म्हणणार होती. पण त्या नंदीकडे पाहताना तिला दुसरंच काही दिसत होतं. कोबाल्ट कुणी वशिंडाला थापतं? दूरच्या टेकड्यांवर तो किंचित घालायचा असतो, पांढऱ्यात विरघळवून, इतका किंचित, की पाहणाऱ्याला निळा दिसू नये, नुसतं अंतर दिसावं. पांढऱ्याची मोठी ट्यूब नंदीच्या पोटापाठीवर लिंपली होती, ब्रशने नव्हे, बोटांनी. डोळ्यांभोवती पिवळं. पायांना हिरवं. सगळे भडक रंग उचलले होते. मातकट, काळपट असे कुणाला नको असलेले तेवढे पेटीत राहिले असणार. आणि तरी, प्रभाकररावांचं खरं होतं. नंदी जिवंत दिसत होता. सगळ्या रांगेत तोच एक बघावासा वाटत होता. वर्षभर ट्यूबमध्ये कोंडलेले रंग एकदाचे मोकळे झाले होते आणि आपल्या मालकिणीची त्यांना काही गरज नव्हती.

तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की हे वाळलेलं नाही. तेलरंग वाळायला दिवस लागतात, असा जाड थापलेला असला तर आठवडेसुद्धा. हे तिला माहीत होतं, काजलला आणि नानांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी काल संध्याकाळी रंगवला, रात्रभर पंख्याखाली ठेवला, सकाळी तरीही बोटाला लागतो म्हणून नानांनी त्यावर अंगाला लावायची पावडर मारली. हे सगळं तिला नंतर घरी कळलं. आत्ता फक्त इतकं दिसलं, की ईश्वरीच्या नऊवारीला पुढून निळा पट्टा उमटला आहे आणि तिचे दोन्ही तळहात तांबडे आहेत. ती काही बोलायच्या आत प्रमुख पाहुणे आले. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, गळ्यात हार. प्रभाकररावांनी सुधाचं न ऐकता पहिला नंबर ईश्वरीच्याच नंदीला दिला होता; पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर प्रेमाने हात फिरवला, मग ईश्वरीला उचलून कडेवर घेतलं, फोटो काढून घेतला, आणि तिला खाली ठेवलं तेव्हा त्यांच्या कुर्त्याच्या छातीवर दोन छोटे तांबडे पंजे होते.

मैदान हसायला लागलं. पाहुणेही हसले, पण त्यांचा रुमाल कुर्त्यावर जितका फिरला तितका तांबडा पसरत गेला. काजलचा चेहरा उतरला. ती घाईघाईने पाण्याची बाटली घेऊन पुढे झाली, पाण्याने काय होणार, आणि मग चार माणसांत, शरमेने, स्वतःला वाचवायला म्हणून म्हणाली, "आईंचे रंगच तशे आहेत. बेकार. कालपासून वाळूनच नाही राह्यले."

सुधाने ते ऐकलं. माइकवर प्रभाकरराव सांगत होते, की पहिलं बक्षीस कुमारी ईश्वरी, आणि या नंदीचे रंग आपल्या नालवाडीच्या ज्येष्ठ चित्रकार सुधाताई यांच्याकडचे आहेत. टाळ्या पडल्या. चित्रकार म्हणून तिच्या वाट्याला आलेल्या त्या पहिल्याच टाळ्या. वाजवणाऱ्यांत नानाही होते, मागे उभे, दोन्ही हात वर करून.

घरी आल्यावर तिने आधी नातीचे हात स्वच्छ केले. पाण्यासाबणाने तेलरंग जात नाही. तिने जवसाच्या तेलाची बाटली उघडली, चिंधीवर तेल ओतलं, आणि एकेक बोट हलक्या हाताने पुसत गेली. नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा, कोपर. ईश्वरी गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. काजल दाराशी ओठ चावत उभी होती. संध्याकाळी मुलगा धनंजय हिंगणघाटहून बँकेतून आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून फोन काढला. "आई, काऊन टेन्शन घेतं? कोणते कोणते होते ते सांग. आत्ता टाकतो ऑर्डर. दोन दिवसांत घरी येते पेटी." तो मनापासून बोलत होता. वर्षभर एस.टी.च्या खेपा करून, दुकानदारांशी हुज्जत घालून, एकेक करून आणलेलं सगळं दोन दिवसांत पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणार होतं. सुधाला त्याचा, काजलच्या बावळट चुकीपेक्षाही, जास्त राग आला. "काही मागवू नको," ती म्हणाली. "उद्या मी जाणार आहे. जे उरलं त्याच्यात जाते." हे बोलताना आवाज चढला आणि घर गप्प झालं. त्या गप्प होण्यात तिला एक चव आली, कडू, पण पुन्हा घ्यावीशी वाटणारी.

सकाळच्या पवनारच्या बसमध्ये कंडक्टरने घोडीकडे पाहून विचारलं, "बाई, खाट घेऊन चालल्या का?" मागच्या बाया हसल्या. सुधा खिडकीशी बसली, पेटी मांडीवर, आणि बस नागपूर रस्त्याला लागली तसं तिच्या डोक्यात ते वाक्य सुरू झालं. ते वाक्य तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नागपूरला डिप्लोमा करताना सरांनी सगळ्या वर्गाला अंबाझरीच्या तलावावर नेलं होतं, तेलरंग घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. ती विशीतली होती. काय काढलं ते आता डोळ्यांपुढे येत नाही. चित्र वसतिगृहातच राहिलं आणि कुठे गेलं देव जाणे. पण सर मागे येऊन उभे राहिले होते, बराच वेळ काही बोलले नव्हते, आणि मग शेजारच्या मुलाला म्हणाले होते, "हिला पाणी दिसतं." बस, इतकंच. मग नोकरी लागली, लग्न झालं, चित्रकलेच्या एलिमेंटरी वगैरे ग्रेड परीक्षांचे वर्ग सुरू झाले, धनंजय झाला. त्या वाक्यावर तिने चाळीस वर्षं काढली. मुख्याध्यापकांनी चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला तेव्हा, नणंदेने "चित्रं काढायचा बी पगार भेटते काय वं" विचारलं तेव्हा, ती मनात म्हणायची, मला पाणी दिसतं. आणि आज ते खरं आहे की नाही ते कळणार होतं. सामान, घोडी, सरस, टोपी, ही सगळी त्याच्याभोवतीची गंमत होती. प्रश्न एकच होता, की त्या मुलीला जे दिसत होतं ते या बाईला अजून दिसतं का. बस नदीच्या पुलावर आली तेव्हा थांबा यायच्या आधीच ती पेटी उचलून उभी राहिली.

नदीकाठच्या आश्रमाच्या बाजूला माणसं होती म्हणून ती खालच्या अंगाला, काळ्या खडकांपाशी उतरली. रात्री वरती कुठे पाऊस झाला असावा. धाम गढूळ वाहत होती, मातीच्या रंगाची, खडकांना वळसे घालत, मध्येच फसफसत. घोडी उभी केली. ती खडकावरसुद्धा हलली नाही. पेटी उघडली. गेरूसारखा तपकिरी, मातकट पिवळा, काळा, आणि निळ्याची पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. पांढरा संपलेला. तिने कात्रीने पांढऱ्याची ट्यूब उभी चिरली. आतल्या बाजूला रंग चिकटून होता, चांगला चमचाभर. ट्यूब कधीच पूर्ण रिकामी होत नसते. निळ्याचंही तसंच केलं. फळीवर रंग मांडले आणि नदीकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं, की नदीला आज नेमके हेच रंग लागणार आहेत. नंदीने नेले ते तांबडे-हिरवे आज इथे चाललेच नसते. काही म्हणजे काही कमी नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, घाई न करता, दर शनिवारी दिवाणापाशी पाहायची तसं. हवा स्वच्छ होती. ऊन डावीकडून येत होतं. कुणी हाक मारत नव्हतं.

तिने काढायला सुरुवात केली. हात लगेच सुरळीत चालू लागला, इतका सुरळीत, की तिला आनंद झाला. मागे टेकाड घातलं, त्याच्या शेजारी आणखी एक. डावीकडे झाड. खडक तीन, मोठा, मधला, लहान. पाणी. ब्रश आपोआप आडवा फिरत होता, एक लांब रेघ, एक तुटक, पुन्हा लांब. तिला शब्द ऐकू येत होते, स्वतःच्याच आवाजातले, खडूच्या धुळीतून येणारे: पाण्याच्या रेघा जवळ जाड, लांब बारीक, मध्ये जागा सोडा, काठाला सावली. ऊन वर चढलं. कपाळावर घाम आला, टोपी मागे सरकली. आणि मग ती दोन पावलं मागे सरली, सर सांगायचे तशी, आणि चित्राकडे पाहिलं, आणि मग नदीकडे.

समोर दुसरं टेकाड नव्हतंच. डावीकडे झाड नव्हतं. खडक तीन नव्हते, नुसती काळी दाटी होती. आणि पाणी, समोरच्या पाण्याला रेघ नव्हती. ते कुठून सुरू होतं आणि खडक कुठे संपतो हे सांगता येत नव्हतं, ते सरकत होतं, जाड होत होतं, पातळ होत होतं, आणि तिला ते दिसत नव्हतं. डोळे उघडे होते, चष्मा पुसलेला होता, आणि दिसत नव्हतं. फळ्यावर खडूने काढलेली नदी तेवढी दिसत होती. तिने एक कोपरा खरवडून पुन्हा केला. पुन्हा रेघाच आल्या. तिसऱ्यांदा तिने हात मनगटात घट्ट धरून, मुद्दाम वाकडा फिरवला, तर वाकड्या रेघा आल्या.

"बाई तुम्ही?" मागून कुणीतरी म्हणालं. दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल वरच्या वाटेला उभी होती आणि पस्तिशीचा एक गडी हसत खाली उतरत होता. "वळखलं का? अंकुश. सातवीले होतो तुमच्या वर्गात. तुमच्याचमुळे तं एलिमेंटरीले मले ए ग्रेड भेटली होती." त्याने वाकून नमस्कार केला, मग चित्रापुढे उभा राहिला, आणि त्याचा चेहरा उजळला. "वा. सेम. दोन टेकड्या, एक झाड, पाण्याले एक लांब रेघ, एक तुटक. मी माह्या पोरीले हेच शिकवून राह्यलो, बाई. तिले बी असंच येते आता. अगदी असंच."

त्याच्या डोळ्यांत खोटं काही नव्हतं. सुधाने त्याच्या मुलीचं नाव विचारलं, दूध किती घरी देतोस विचारलं, आणि तो जाईपर्यंत ब्रश हातात धरून उभी राहिली. त्याची गाडी पुलावर गेल्याचा आवाज आला. मग पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की सरांनी ते वाक्य प्रत्येक मुलामागे उभं राहून म्हटलं असेल. तीसुद्धा वर्गात प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, छान जमतंय. घंटा होईपर्यंत मुलं गप्प बसावीत म्हणून म्हणायची. रडायला आलं नाही. तिने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि कापड वरपासून खालपर्यंत पुसलं, टेकाडं, झाड, पाणी, सगळं, मातकट डाग तेवढा राहीपर्यंत. मग तोही पुसला.

घरी पोचली तेव्हा दुपारचं जेवण व्हायचं होतं. सगळे थांबले होते. धनंजयने रजा टाकली होती. का, ते कुणी बोललं नाही. काजलने पुढे होऊन तिच्या हातातली घोडी घेतली. नानांनी कापडाकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं, कोरं होतं, आणि हळूच विचारलं, "नाई काढलं का, सुधा?"

सांगायला एकच वाक्य होतं आणि ते खरं होतं. मला आता दिसत नाही. ती पाटावर बसली, पदराने मान पुसली, आणि तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "कशानं काढू? पांढरा नाही, निळा नाही. रंग ठेवला का तुम्ही पेटीत एक तरी? नदी समोर होती, ऊन होतं, सगळं होतं. असा दिवस काय पुन्हा येते?"

काजलचे डोळे भरले. नानांनी कापड भिंतीला टेकवून ठेवलं आणि ताटाकडे पाहत बसले. धनंजय म्हणाला, "आई, मी आजच मागवतो," तर ती म्हणाली, "आता नको. ज्या वेळचं त्या वेळी. माझं राहिलं ते राहिलं." आवाज जड होता आणि तो जड करावा लागला नव्हता. वर्षभर ज्या एका वस्तूसाठी ती दुकानं पालथी घालत होती ती, चित्र न काढायला एक सबब, आज घरबसल्या मिळाली होती, आणि मरेपर्यंत पुरणार होती. काजलने डोळे पुसून तव्यावरची गरम भाकर तिच्या ताटात आणून वाढली, वर अंबाडीची भाजी, वर तेल. सुधाला सपाटून भूक लागली होती. तिने खाली मान घालून पहिली भाकर संपवली आणि दुसरी मागितली.